नव्व्याण्णवावा थर

बाई पहिल्यांदा आल्या त्या शुक्रवारी.
वागळे इस्टेटला सुट्टी, लाइट गेलेली,
सोळा नंबर रोडवर फक्त कुत्री आणि आमचा वॉचमन.
मी एकटा ओव्हरटाइमला, बोर्ड खिडकीशी ओढून
पंपाच्या इंपेलरचं ट्रेसिंग करत होतो.
म्हणाल्या, मी वासंती टिपणीस. तुमचं चालू द्या, मढवी.
आणि स्टुलावर बसल्या वही उघडून,
जणू मी तबला वाजवतोय
आणि त्या बोल लिहून घेतायत.

रेघ कुठून सुरू करता? तिथूनच का?
पेन उचलण्याआधी जरा थांबता, ते कशाला?
आधी गोल काढता की आधी सरळ?

एकोणीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
आधी गोल, बाई.
सरळ रेघ येऊन मिळते गोलाला.
गोल उठून कुणाकडे जात नाही.
त्यांनी ते लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

कंप्युटर आला टेम्पोतून, गोणपाटात गुंडाळून.
एसी फक्त त्याला.
आम्ही सतराजण बाहेर, मनगटाला पावडर चोळून,
अमोनियाच्या वासात डोळे पुसत.
पडद्यावर हिरवी तिरकी रेघ उमटली, पायऱ्यापायऱ्यांची.
सावे हसला, बाई, ही रेघ की जिना?
बाई म्हणाल्या, जिनाच आहे. चढतेय.

सात वर्षं चढल्या.
मालकांनी दोनदा पैसे थांबवले.
बाहेरचा प्रोग्राम एका फ्लॅटच्या किमतीला मिळत होता,
बाईंचा चार फ्लॉपींत मावत होता
आणि त्यात माझा हात होता.
खरंच होता. प्लॉटरचं पेन कागदावर धावताना
उचलण्याआधी जरासं थांबलं,
तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

भांडण झालं ते एकदाच, खोडण्यावरून.
त्यांनी एक बटण दाबलं आणि चुकलेली रेघ गेली.
मागे काही नाही. कधी नव्हतीच, अशी.
मी म्हटलं, बाई, हे चालायचं नाही.
आम्ही ब्लेडने खरवडतो, तिथे कागद पातळ होतो.
उजेडाला धरला की दिसतं,
इथे कुणीतरी चुकलं होतं, इथे जपून.
त्या काही बोलल्या नाहीत. डबा न खाताच घरी गेल्या.
सोमवारी म्हणाल्या, एक थर ठेवलाय, नव्व्याण्णव नंबरचा.
खोडलेलं सगळं तिथे जाईल.
छापलं जाणार नाही. पण असेल.

मग सतरा बोर्डांचे तीन झाले.
सावेने इंदिरानगरच्या नाक्यावर झेरॉक्सचं मशीन टाकलं.
बाई त्याच्याकडे मुद्दाम जायच्या,
एका पानाच्या दहा प्रती काढायच्या,
नि सुटे पैसे मोजून द्यायच्या.
माफी त्यांनी मागितली नाही,
आणि मागितली असती तर मला राग आला असता.

सत्कार एकदा झाला, कॅन्टीनमध्ये.
शाल दिली. बाई भाषणात म्हणाल्या,
यातलं गणित माझं, रीत मढवींची.
लोक हसले, त्यांना वाटलं विनोद.

गेल्या वर्षी गेल्या. नौपाड्यात, झोपेत.
पेपरात चार ओळी, त्यातही 'ड्राफ्टिंग'चं 'ड्रायव्हिंग' झालेलं.

नातू ऐरोलीला त्याच कामात आहे.
काचेची इमारत, गळ्यात पट्टा,
पंप हातात धरल्यासारखा फिरवतो पडद्यावर.
त्याला म्हटलं, ही एक जुनी फ्लॉपी. बघ, वाचता येते का.
चार आठवडे लागले. कुठूनतरी मशीन मिळवलं,
फाइल या नव्या प्रोग्रामला कळेल अशी करून घेतली.
म्हणाला, आबा, उघडली. इंपेलर आहे.
मी म्हटलं, नव्व्याण्णव लाव.

लावला,
आणि ओसरती लागल्यावर
आमच्या कोलशेतच्या खाडीत जुने खुंट वर यावेत
तशा रेघा वर आल्या.
माझ्या थोड्या. बाकी सगळ्या बाईंच्या.
एकच गोल अकरा वेळा काढलेला,
अकरा वेळा खोडलेला,
केसाएवढ्या फरकाने सरकत.

नातू म्हणाला, हे काय, डिलीट करू?

मी चष्मा पुसायला घेतला.